ट्रॅक्टर निघायच्या आधी: ऊसतोड कुटुंबांची मुलं शाळेत टिकवण्यासाठी शाळेनं आणि गावानं काय करावं

दसरा झाला की आमच्या गावच्या पारासमोर रात्री ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॉलीत आधी पाण्याचा ड्रम चढतो, मग पत्र्याची पेटी, गोधड्यांचं बोचकं, शेळी. घरात म्हातारी नसेल तर शेवटी पोरं. सकाळी वर्ग उघडावा तर पटावर ३१ आणि समोर १७.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली काही वर्षं आम्हीही सगळे करतात तेच केलं. जूनमध्ये वह्या वाटल्या, दप्तरं वाटली, पाहुण्यांनी भाषणं केली. दसऱ्याला तेवढीच पोरं गेली, फक्त नव्या दप्तरासकट गेली. मग कुठं डोक्यात शिरलं की मूल वहीवाचून गाव सोडत नाही. संध्याकाळची भाकरी कोण करून घालणार, या प्रश्नाला घरात उत्तर नसतं म्हणून ते ट्रॉलीत चढतं. पुढं लिहिलेलं सगळं त्या एका भाकरीभोवती फिरतं.

बीड, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव पट्टा, जालना, परभणी, धाराशिव अशा भागातल्या शाळांना हे जसंच्या तसं लागू पडेल. ठाणे-पालघरकडं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचंही गणित फार वेगळं नाही. तारखा तेवढ्या बदलून घ्या.

श्रावणात यादी करा, दसऱ्यात नाही

तोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घरात येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. ती औषधपाण्याला, बियाण्याला, मागच्या देण्याला गेली की जाणं पक्कं झालं. दसऱ्याला आईबापांना थांबवायला जाणं म्हणजे सही झालेल्या कागदावर वाद घालणं. आपल्या हातात फक्त मुलांचं ठरवणं असतं, आणि ते ठरवायलाही दोन-अडीच महिने लागतात. म्हणून श्रावणात, फार तर पोळ्यापर्यंत यादी तयार हवी.

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक घर. कोण जाणार, मुकादम कोण आणि त्याचा फोन नंबर, कारखाना कोणता, गावात मागं कोण राहणार, घरातलं सगळ्यात लहान मूल किती महिन्यांचं, आणि मागच्या हंगामात मुलं कुठं होती. शेवटून दुसरा प्रश्न बऱ्याच शाळा विचारतच नाहीत. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला उसाच्या फडाच्या कडेला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण जातेच. वर्गात ती कितीही हुशार असो.

वर्गात "कोण कोण उसाला जाणार, हात वर करा" असं कधीही विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. ज्यांची घरं दरवर्षी जातात त्यातली निम्मी पोरं हात खाली ठेवून बसली आणि एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. माहिती घ्यायची ती अंगणवाडी ताईकडून, आशा ताईकडून, किराणा दुकानदाराकडून. दुकानदाराला सगळं आधी कळतं, कारण उचल आली की जुनी उधारी फिटते.

मूल का जातं ते घरागणिक बघा

कारणं चारच आहेत, पण प्रत्येकाला औषध निराळं. मागं करून घालणारं कुणी नाही, हे पहिलं आणि सगळ्यात मोठं. दुसरं बाळ सांभाळणं. तिसरं म्हणजे मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, वाढं (उसाचा वरचा हिरवा पाला) गोळा करायला, मोळ्या उचलायला हाताशी येतो. चौथं, मुलगी मोठी झाली, तिला म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर कसं ठेवायचं. यादीतल्या प्रत्येक घरापुढं यातला एक आकडा लिहा. आमच्याकडं दरवर्षी निम्म्याहून जास्त घरांपुढं १ लागतो, म्हणजे ही घरं जेवणाची सोय झाली की मूल मागं ठेवायला तयार असतात. सुरुवात तिथून करा. चौथ्या कारणाच्या घरात पहिल्याच वर्षी यश येईल अशी आशा धरू नका.

बापाशी नाही, आजीशी बोला

बाप "हो सर, ठेवतो की" म्हणतो आणि विषय संपवतो. खरा निर्णय चुलीपाशी होतो. दिवेलागणीला जा, एकट्यानं न जाता शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी बाई बरोबर घ्या. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं कायदाच सांगतो. त्या बायकांचा खरा उपयोग सहीपुरता नाही, इथं आहे.

गेल्या साली एका घरी गेलो. म्हातारी ज्वारी निवडत होती. मी मुलाचं गणित किती चांगलं आहे वगैरे सुरू केलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"गुरुजी, ठिवते की नातवाला. मला काय जड हाय व्हय? पण सांजच्याला करून कोण घालायचं? मला चुलीपुढं बसवत नाई. बसले तर उठवत नाई."

"आजी, संध्याकाळचं जेवण शाळेत झालं तर?"

"आन मी?"

हा "आन मी" आम्ही तोपर्यंत हिशेबातच धरला नव्हता. नातू शाळेत जेवून येणार आणि म्हातारी घरी सकाळची शिळी भाकरी पाण्यात कुस्करून खाणार, असं कुठलीही आजी कबूल करेल, पण कुठलाही नातू करणार नाही. तो आपल्यातली अर्धी खिशात घालून नेईल. त्या वर्षापासून आम्ही मुलाबरोबर एक डबा देतो: दोन भाकरी आणि कालवण. सरकारी हिशेबात हा डबा बसत नाही. तो गावाच्या धान्यातून जातो, आणि माझ्या मते मुलं टिकली ती निम्मी या डब्यामुळं टिकली.

हंगामी वसतिगृह: नाव मोठं, काम चुलीचं

समग्र शिक्षा अभियानात स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. ते शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायचं असतं. दरडोई रक्कम आणि अटी त्या-त्या वर्षीच्या पत्रात बघाव्यात. प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो. सोबत मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं आणि समितीचा ठराव. ठराव लिहिताना लोक उगाच घाबरतात. एवढा पुरतो:

"आपल्या गावातील ___ कुटुंबे या हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर करणार असून त्यांची ___ मुले, त्यांपैकी मुली ___, नातेवाइकांकडे गावात राहणार आहेत. या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह सुरू करण्यास ही सभा मान्यता देते. तसा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पाठवावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक ___ अनुमोदक ___."

संमतीपत्रावर आई आणि बाप दोघांचे अंगठे किंवा सह्या घ्या, आणि मागं राहणाऱ्या नातेवाइकाचाही. प्रस्ताव भाद्रपदात गेला पाहिजे. मंजुरी यायला वेळ लागतो आणि पैसे यायला त्याहून जास्त. एका वर्षी आमचा प्रस्ताव एका टेबलावर इतके दिवस पडून होता की मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पोरं कोल्हापूरच्या फडात होती. तेव्हापासून ठरवलं: चूल पेटवायची ती आपल्या धान्यावर, अनुदान आलं की भर घालायची.

सगळ्यात धोक्याचे दिवस दिवाळीच्या सुट्टीचे. शाळेचं दुपारचं जेवण शाळा असेल त्याच दिवशी शिजतं. सुट्टी लागली की तेही बंद, आणि नेमके त्याच दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटतात. पोषण आहारही नाही, वसतिगृहही "शाळा उघडल्यावर" सुरू होणार. मग आई म्हणते, चल बाई आमच्याबरोबर, शाळा उघडली की आणून सोडू. कुणी आणून सोडत नाही. तेव्हा वसतिगृहाचं पहिलं जेवण सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी वाढलं गेलं पाहिजे. शिक्षकांना सुट्टी हवी असते, मलाही हवी असते. आम्ही पाळ्या लावल्या आणि गावातली कॉलेजला जाणारी चार पोरं रोज संध्याकाळी दोन तास बसायला तयार केली.

आता धान्याचा हिशेब. एका मुलाला दिवसाला तीन भाकरी धरा, एक सकाळी आणि दोन रात्री. दुपारचं शाळेत होतंच. ३० मुलांच्या ९० भाकरी. किलोभर पिठात दहा-बारा होतात, म्हणजे रोज आठ-नऊ किलो ज्वारी. महिन्याला अडीच क्विंटल, पाच महिन्यांना बारा-तेरा क्विंटल. आजी-आजोबांचे डबे धरून सोळा-सतरा म्हणा. ऐकायला फार वाटतं. पण २०० उंबऱ्यांच्या गावात घरटी पाच किलो मिळाले तरी दहा क्विंटल होतात. राहिलेलं अनुदानातून आणि दोन-चार बऱ्या बागायतदारांकडून.

दाराशी धान्य मागणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची सुरुवातीची वसतिगृहं मुष्टिफंडावर उभी राहिली. घराघरातून मूठमूठ धान्य यायचं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आम्ही गणपतीत मंडळाला सांगितलं की यंदा वर्गणीच्या पावतीबरोबर ज्वारीची पावतीही फाडा. मंडळाच्या पोरांना आधी लाज वाटली. पहिल्या गल्लीत अडीच पोती झाली तेव्हा त्यांनीच लाऊडस्पीकरवर नावं वाचायला सुरुवात केली. ते मात्र थांबवावं लागलं, कारण पाच किलो देणाऱ्याचं नाव गाजतं तेव्हा त्यावर जेवणाऱ्या पोराचंही गाजतं.

भाकरी करणाऱ्या बाईला रोजची मजुरी द्या. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर त्याच मानधनात रात्रीच्या नव्वद भाकरी टाकल्या तर त्या पंधरा दिवसांत कंटाळतील, आणि त्यांचं बरोबर असेल. ऊसतोडीला न गेलेली, विधवा किंवा एकटी राहणारी एखादी बाई गावात असतेच. तिला पाच महिन्यांचं काम मिळतं. गरिबाला मदत म्हणतो ती हीही आहे.

मुलांनी झोपायचं कुठं? याबद्दल माझं मत पक्कं आहे. लहान मुलांनी आजीकडंच झोपावं. संध्याकाळी पाचला शाळेत यावं, खेळावं, अभ्यास, जेवण, आठला मोठ्या माणसानं गल्लीपर्यंत सोडावं. आजीलाही रात्री घरात कुणीतरी लागतं. शाळेत मुक्काम ठेवायचाच असेल तर मुलींसाठी बाई मुक्कामाला हवी, खोलीला आतून कडी हवी, संडासापर्यंत दिवा हवा. यातलं एकही नसेल तर मुक्काम ठेवू नका, कागदावर कितीही छान दिसो.

बारीकसारीक दोन गोष्टी. डिसेंबरात थंडी पडते, तेव्हा पांघरुणं मागायची ती नोव्हेंबरात. आणि खरूज: एका पोराला झाली की आठवड्यात दहाजणांना होते. एकट्याला औषध लावून उपयोग नाही. आरोग्य केंद्रातून सगळ्यांचं औषध आणा, एकाच दिवशी लावा, घरच्यांनाही द्या, आणि त्याच दिवशी गोधड्या-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका.

रेशन: आजीचा अंगठा

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य आहे, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आईबाप गेले तरी मुलाचा वाटा गावात उचलता येतो, आणि एक देश एक रेशन कार्ड योजनेत आईबाप आपला वाटा कारखान्याजवळच्या दुकानातून घेऊ शकतात. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात कार्डावर आजीचं नाव नसतं, कारण थोरल्या आणि धाकट्याचं कार्ड वेगळं झालं तेव्हा ती थोरल्यात राहिली. नाव असलं तर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली नसते. ती असली तर जन्मभर खुरपं धरलेला अंगठा मशीनवर उमटत नाही.

म्हणून भाद्रपदात एक दिवस दुकानदार, तलाठी आणि समितीतले दोघं-तिघं शाळेत बसवा. यादीतलं प्रत्येक कार्ड काढून बघा: मागं राहणाऱ्या माणसाचं नाव आहे का, केवायसी आहे का, अंगठा उमटतो का. उमटत नसेल तर डोळ्याच्या स्कॅनची सोय कुठं आहे ते त्याच दिवशी विचारा. आईबापांनाही कार्डाचा नंबर कागदावर लिहून द्या. मूळ कार्ड पेटीत घालून नेलं की गावातल्याची पंचाईत.

जी मुलं जाणारच

जातील. दरवर्षी काही जातील. त्यांचं नाव पटावरून कमी करू नका. शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात द्या, त्यावर इयत्ता, काय येतं काय येत नाही ते लिहा, आणि मुख्याध्यापकांचा फोन नंबर ठळक घाला. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही तिथल्या स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. आईला हे पाठ करून सांगण्यात अर्थ नाही. पहाटे चारला फडात उतरणारी बाई शाळेत जाऊन कलमं सांगणार नाही. फोन आपण करायचा. मुकादमाकडून टोळी कुठं उतरली ते विचारा, नकाशावर जवळची शाळा शोधा, तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून सांगा: "सर, आमची चार मुलं तुमच्या हद्दीत ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीत) आहेत, कुणाला तरी बघून यायला सांगा." दहातल्या सहा-सात ठिकाणी माणूस जातो. शिक्षकाला शिक्षकाचा फोन लागू पडतो.

कर्नाटकात गेलेल्यांचं अवघड आहे. बेळगावकडं मराठी शाळा सापडते. त्याच्या पलीकडं कन्नड शाळेत पोर बसतं, जेवतं, आणि काही कळत नाही. तरीही बसू द्या. फडापेक्षा ती जागा बरी, आणि जेवण मिळतं.

या मुलांना ढीगभर स्वाध्याय देऊ नका. कोपीत दिवा नसतो, आणि दिवसभर बाळ कडेवर असतं. मी दोन गोष्टींची पुस्तकं आणि एक कोरी वही देतो, वहीत रोज एक ओळ लिहायला सांगतो. एका मुलीनं तिसरीत असताना लिहिलेलं पान माझ्याकडं आहे: "आज गाडी रात्री भरली. आई झोपली नाही. मी पण." वहीत अशी अकरा पानं होती, बाकी कोरी. ती मुलगी पुढच्या हंगामात गावात राहिली, कारण आईनं ती पानं माझ्याकडून वाचून घेतली.

बाळांचं विसरू नका. अंगणवाडी ताईंनी लसीकरणाचं कार्ड आईजवळ द्यावं आणि पुढची लस कधी ते तारीख घालून सांगावं. "दीड महिन्यानं" असं सांगितलं तर फडात दीड महिना कधी झाला ते कुणाला कळत नाही.

सातवीनंतरच्या मुली

आमची शाळा सातवीपर्यंत. आठवी चार किलोमीटरवर. इथं पोरगी गळते, आणि गळाली की दोन वर्षांत तिचं लग्न. लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, दोन्ही घरांच्या हिशेबात ते बसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या, बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या पुढं. आईबापांना मुलगी जड झालेली नसते. पाच महिने तिच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही, ही भीती असते. भाषणानं ती जात नाही.

मुलीला खरोखर सुरक्षित जागा मिळाली तरच जाते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, तालुक्याला एक मुलांचं, एक मुलींचं. आपल्या तालुक्यातलं चालू आहे का, जागा आहेत का, हे जूनमध्येच समाजकल्याण कार्यालयात विचारा. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामपंचायतीतून घेऊन ठेवा. पुढं बऱ्याच ठिकाणी लागतं. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय (मुलींची निवासी शाळा) जवळ असेल तर तेही बघा. आणि प्रवेशाआधी आईला एकदा तिथं नेऊन दाखवा. खोली, संडास, अधीक्षक बाई, दार. ज्या आया बघून आल्या त्यांनी मुली ठेवल्या. पत्रक वाचून एकीनंही ठेवली नाही.

जी रोज ये-जा करणार तिला एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. सायकलपेक्षाही सोबत महत्त्वाची. चार मुली मिळून जात असतील तर चौघीही टिकतात, दोघी गळाल्या की उरलेल्या दोघींचं शिक्षण महिन्याभरात संपतं.

लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर आधी आईला गाठा, मग मामाला. मामाचं ऐकलं जातं. तारीखच निघाली असेल तर वेळ घालवू नका: गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. फोन कुणी केला हे गावात फुटता कामा नये. त्या मुलीशी नंतर शाळेनं बोलणं तोडू नका. लग्न मोडलं की घरात सगळा राग तिच्यावर निघतो.

पैशाचे कागद आईबाप गावात असताना

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खातं, आधारवरच्या नावातली चूक: हे सगळं पाडवा ते पोळा या काळात उरकायचं. हिवाळ्यात सहीला माणूस नसतो. आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवाच. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. एका कोयत्याच्या उचलीपुढं ही रक्कम लहान आहे, पण "पोरगं शिकून पैसे आणतंय" हे वाक्य घरात फार काम करतं. एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. फडात किंवा गाडीखाली माणूस गेलेली घरं प्रत्येक गावात आहेत आणि त्यातल्या अनेकांनी अर्जच केलेला नसतो. महिला व बालविकास कार्यालयात स्वतः बरोबर जा.

ताजा कलम म्हणून: पहिली ते चौथीच्या काही प्रवर्गांतल्या गरीब मुलींना हजेरीमागं दिवसाला १ रुपया देण्याची योजना १९९२ ची आहे. तिचा फॉर्म भरण्यात आमचा जेवढा वेळ जातो त्यात दोन घरी जाऊन येता येतं. मी आधी घरी जातो.

देणगीदार आले तर

शहरातून मंडळं येतात. मनानं चांगली असतात. त्यांना पोरांच्या रांगा, दप्तरं आणि फोटो हवा असतो. फोटोला नाही म्हणा, वाईटपणा घ्या. वस्तू द्यायच्या तर सगळ्या वर्गाला द्या किंवा कुणालाच नको, "ऊसतोडीवाली उभी राहा" हे नको. आणि त्यांनी विचारलं काय आणू, तर यादी तयार ठेवा: तेल, तूरडाळ, शेंगदाणे, पांघरुणं, भाकरी करणाऱ्या बाईची तीन महिन्यांची मजुरी, सोलरचे दोन दिवे. मजुरीला पैसे द्यायला लोक नाखूश असतात. समजावून सांगा, काही जण देतात. पुण्यातल्या एका निवृत्त जोडप्यानं दोन हंगाम दिली, नाव न सांगण्याच्या अटीवर.

पाडव्याच्या सुमाराला

फोनचा वार ठरवून ठेवा. आम्ही रविवारी संध्याकाळी शाळेत तीन मोबाईल ठेवतो, प्रत्येक पोराला आईशी पाच मिनिटं. सुरुवातीला रडतात. चौथ्या-पाचव्या रविवारपासून भांडणं सांगायला लागतात.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ट्रॅक्टर परत येतात. गेलेली मुलं आली की लगेच वर्गात मागच्या बाकावर बसवून पुढचा धडा सुरू करू नका. दोन आठवडे वाचन आणि बेरीज-वजाबाकी कुठं आहे ते तपासा. वयाप्रमाणे वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे, ती वापरा. वजन करा. फडातून आलेलं मूल उतरलेलं असतं.

त्याच आठवड्यात वही काढून हिशेब लिहा. किती मुलं थांबली, किती मधेच गेली आणि कोणत्या महिन्यात. आमची संक्रांतीनंतर तीन गेली. आई आजारी पडली म्हणून स्वयंपाकाला मोठ्या मुलीला बोलावून घेतलं आणि धाकटी दोघं तिच्यामागं. याला उपाय सापडलेला नाही. ज्वारी ४० किलो उरली. ती भाकरी करणाऱ्या मावशींना दिली आणि मंडळाच्या पावतीपुस्तकात तसं लिहून ठेवलं, म्हणजे गणपतीत कुणी विचारलं तर दाखवता येईल.